घरातले वास, घरातली रसायनं: बाटलीमागचा ‘परफ्यूम’ हा शब्द काय सांगतो आणि काय लपवतो

फरशी पुसायच्या बाटलीवर पुढून लिंबाचं चित्र केवढं तरी मोठं असतं आणि आत काय आहे ते सांगणारी मागची अक्षरं मुंगीएवढी. तीही बहुतेक वेळा इंग्रजीत. केंद्र सरकारच्या २०११च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांना वेष्टनावरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की पुरतं. त्यामुळे निपाणी-खानापूरच्या घरात काय, नि इंदूर-वडोदऱ्याच्या मराठी घरात काय, बाटली रोज हाताळणाऱ्या आजीला तिच्या मागचा मजकूर परकाच राहतो. पण इंग्रजी वाचता येणाऱ्या नातवानं चष्मा लावून वाचला तरी एका शब्दापाशी त्याचीही वाट खुंटते. तो शब्द म्हणजे ‘परफ्यूम’. कुठे ‘फ्रेग्रन्स’, कुठे ‘परफम’ असं लिहिलेलं असतं, अर्थ एकच.

एका शब्दात किती रसायनं?

साबण, शाम्पू, क्रीम, पावडर, टूथपेस्ट, केसांचा रंग ही सगळी कायद्याच्या भाषेत सौंदर्यप्रसाधनं. त्यांना ‘कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०’ लागू होतात. घटकांची यादी छापणं त्यात सक्तीचं आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहायचे आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, कुठल्याही क्रमानं. सुगंधाच्या मिश्रणात मात्र दहा द्रव्यं असोत की शंभर, यादीत त्याचा एकच शब्द होतो. सुगंधाची कृती हे या धंद्याचं भांडवल आणि ती उघडी पडू नये म्हणून जगभरात ही सूट चालत आली आहे. सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपले सदस्य वापरत असलेल्या द्रव्यांची यादी जाहीर केली आहे. तिच्यात साडेतीन हजारांहून अधिक नावं आहेत. त्यातली कुठली आपल्या शाम्पूत आहेत, हे त्या यादीवरून कळत नाही.

फरशीचं द्रावण, फिनेल, संडास धुण्याचं अ‍ॅसिड, रूम फ्रेशनर, कपड्यांचा कंडिशनर ही सौंदर्यप्रसाधनं नव्हेत. म्हणून वरची घटकयादीची सक्तीही त्यांना लागू नाही.

या क्रमाच्या नियमाचा एक उपयोग मात्र गिऱ्हाइकाला होतो. सुगंध साधारणपणे एक टक्क्याच्या आगेमागे असतो. त्यामुळे पाकिटावर पुढे ‘बदाम’, ‘केशर’, ‘कोरफड’ असं मोठ्या अक्षरात असेल आणि मागे तेच घटक ‘परफ्यूम’ या शब्दाच्याही नंतर आले असतील, तर त्यांचं प्रमाण नावापुरतंच आहे असं समजायला हरकत नाही. अंगाच्या साबणात वासापेक्षा ‘टीएफएम’चा आकडा पाहणं जास्त शहाणपणाचं. टीएफएम म्हणजे साबणातल्या मेदाम्लांचं प्रमाण. भारतीय मानकानुसार पहिल्या दर्जाच्या साबणात ते किमान ७६ टक्के लागतं, दुसऱ्यात ७० आणि तिसऱ्यात ६०. त्याहून कमी असेल तर ते ‘बेदिंग बार’ म्हणून विकलं जातं.

कृत्रिम सुगंध ही काही कालची गोष्ट नाही. ताज्या कापलेल्या गवतासारख्या वासाचं कुमारिन हे द्रव्य विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८६८मध्ये प्रयोगशाळेत बनवलं. तोवर ते टोंका नावाच्या परदेशी बियांतून मिळायचं. १८८२मध्ये पॅरिसच्या एका अत्तरात ते वापरलं गेलं आणि तिथून फुलं-मुळं-साली यांच्यावर अवलंबून असलेला धंदा हळूहळू कारखान्यात गेला. त्यानं सुगंध स्वस्त झाला, हे खरंच. राजेरजवाड्यांच्या अत्तरदाणीतला वास दहा रुपयांच्या वडीत आला. पण तो इतक्या ठिकाणी आला की आता एका दिवसात एका माणसाच्या अंगाला आठ-दहा वेगवेगळी सुगंधी मिश्रणं लागतात. साबण, शाम्पू, तेल, पावडर, डिओ, कपड्यांची पावडर, कंडिशनर, भांड्यांचा साबण, फरशी, वर गाडीत लटकवलेली डबी.

‘इतकी वर्षं हाच वापरतोय की!’

त्वचेच्या डॉक्टरांकडे आलेला रुग्ण हमखास हेच म्हणतो. साबण बदललेला नाही, पावडर तीच, मग आताच पुरळ का? कारण ही अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. द्रव्य पुन्हा पुन्हा त्वचेला लागत राहतं, शरीराची संरक्षण यंत्रणा एके दिवशी त्याला ‘शत्रू’ म्हणून ओळखायला शिकते आणि मग ती ओळख बहुधा जन्मभर विसरत नाही. त्यानंतर थोडंसं लागलं तरी खाज, लाली, पाणी सुटणं, कातडी जाड होणं. मानेवर, काखेत, पापण्यांवर, हातांच्या बोटांमध्ये. अनेकदा वर्षानुवर्षं त्याला ‘उष्णता’ म्हटलं जातं किंवा ‘इसब’ म्हणून मलमं लावली जातात आणि कारण मात्र रोज सकाळी न्हाणीघरात भेटत राहतं.

युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीच्या अंदाजानुसार तिथल्या सर्वसाधारण लोकांपैकी १ ते ३ टक्क्यांना सुगंधी द्रव्यांची अशी अ‍ॅलर्जी असते. म्हणून तिथे २००५पासून २६ सुगंधी द्रव्यांची नावं वेगळी छापावी लागतात. २०२३मध्ये ही यादी ८०च्या पुढे नेण्यात आली; नव्या उत्पादनांना ती ३१ जुलै २०२६पासून लागू होते. त्वचेवर राहणाऱ्या क्रीममध्ये द्रव्याचं प्रमाण ०.००१ टक्क्याच्या वर असेल किंवा धुऊन टाकायच्या शाम्पूत ०.०१ टक्क्याच्या वर असेल, तर नाव लिहायचंच. लिलीच्या फुलांसारखा वास देणारं ‘लिलियल’ हे द्रव्य प्रजननक्षमतेला घातक ठरू शकतं म्हणून मार्च २०२२पासून युरोपातल्या सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदीच आहे. आपल्याकडच्या काही कंपन्या स्वतःहून लिमोनीन, लिनालूल, सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल अशी नावं छापतात. अशी यादी दिसली की माल जास्त धोक्याचा, असं अनेकांना वाटतं. उलट आहे. तिथे निदान काय आहे ते कळतं.

लिमोनीन आणि लिनालूल यांची एक गंमत आहे. पहिलं संत्र्या-लिंबाच्या सालीत असतं, दुसरं लॅव्हेंडरमध्ये. ताजी असताना ही दोन्ही त्वचेला फारसा त्रास देत नाहीत. हवेशी संयोग होऊन ती जुनी झाली की त्यांच्यापासून बनणारे पदार्थ अ‍ॅलर्जी आणतात. म्हणून अर्धी वापरून वर्षभर झाकणाविना पडलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा वाईट.

वासाव्यतिरिक्त, माल नासू नये म्हणून घातलेली द्रव्यंही त्रास देतात. शाम्पू आणि भांड्यांच्या द्रवसाबणात आढळणारं मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे त्यातलं ठळक. युरोपात २०१०नंतर त्याच्या अ‍ॅलर्जीचे रुग्ण इतके वाढले की त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत ते बंद करावं लागलं. नाव लांबलचक आहे, पण भांडी घासून हाताला भेगा पडणाऱ्या बाईनं ते एकदा बाटलीमागे शोधून पाहावं.

कपाळावरचा पांढरा डाग

आपल्या घरांतला सगळ्यात ओळखीचा, तरी सगळ्यात कमी बोलला जाणारा त्रास टिकलीचा आहे.

पूर्वी कपाळावर आधी मेण लावायचं आणि त्यावर कुंकू टेकायचं. चिकट टिकली आली आणि मेणाची डबी गेली. या टिकलीच्या मागे जो डिंक असतो, त्यात काही वेळा पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असतं. ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतं. बरोबर टिकलीच्या जागी, टिकलीएवढा गोल पांढरा डाग उमटतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी याची नोंद अनेक दशकांपासून केलेली आहे. रबरी चपलांच्या पट्ट्यांखाली उमटणाऱ्या पांढऱ्या डागांमागेही अनेकदा हेच किंवा याच जातीचं रसायन असतं.

डाग दुखत नाही, खाजेलच असंही नाही. पण घरात त्याला लगेच ‘कोड’ म्हणतात आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. लग्नाची मुलगी असेल तर घर हादरतं. मग ती बाई डाग झाकायला टिकलीचा आकार वाढवते, म्हणजे तेच रसायन जास्त जागेवर लावते. हा डाग रसायनानं पडलेला असतो. टिकली लवकर बंद केली तर काहींचा रंग परत येतो, काहींचा येत नाही. म्हणून कपाळावर खाज, लाली किंवा फिकट ठिपका दिसला त्याच दिवशी टिकली बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

कुंकवावर परतावं का? मूळचं कुंकू हळदीचं. हळदीला चुन्यासारखं क्षार मिळालं की ती लाल होते. करमाळा तालुक्यातलं केम गाव कुंकवासाठीच ओळखलं जातं. पण बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या लालभडक कुंकवात हळदीऐवजी कृत्रिम रंग, भराव आणि सुगंध असू शकतात. त्यांनी कपाळ काळवंडल्याचीही भरपूर उदाहरणं आहेत. शेंदरात तर शिशाचं संयुग असू शकतं. तो लहान मुलाच्या कपाळी लावू नये.

केसांच्या रंगाची गोष्ट याच्याच शेजारची. काळ्या रंगात पॅराफिनिलिनडायअमिन, थोडक्यात ‘पीपीडी’, असतं. ते जोरदार अ‍ॅलर्जी आणू शकतं: डोळे सुजून मिटणं, टाळूवर फोड. अशा रंगाच्या पाकिटावर ‘आधी थोडं लावून तपासा, भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते’ या अर्थाचा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत छापणं बंधनकारक आहे. अंगाच्या साबणाला जे मिळत नाही ते या एका इशाऱ्याला मिळालं, यावरूनच त्याचं गांभीर्य ओळखावं. ‘काळी मेंदी’ म्हणून जी विकली जाते तिच्यातही बहुधा पीपीडीच असतं. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी-तपकिरी येतो. काळा येत नाही.

ट्रंकेतली डांबरगोळी आणि बाळाचं दुपटं

आंबोली-खानापूरच्या पट्ट्यात, गोव्यात, कोकणात पावसाळ्याचे चार महिने कपाटाला बुरशी धरते. मग प्रत्येक घडीत एक डांबरगोळी. ही गोळी म्हणजे नॅफ्थलीन. दगडी कोळशाच्या डांबरातून ते काढत, म्हणून नाव डांबरगोळी. ती वितळत नाही, थेट वायू होत झिजत जाते. हा वायू कापडात मुरतो आणि किडीला मारतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००२मध्ये नॅफ्थलीनला ‘माणसात कर्करोग आणण्याची शक्यता असलेलं’ अशा गटात घातलं. युरोपीय संघात घरगुती डांबरगोळ्यांतून ते २००८पासून हद्दपार आहे.

पण आपल्याकडे याहून जवळचा धोका वेगळाच आहे. घरात बाळ येणार म्हटलं की ट्रंक उघडते. मोठ्या भावंडाची झबली, आजीच्या लुगड्याची गोधडी, कुंची, दुपटी बाहेर येतात. वर्षभर गोळ्यांत ठेवलेल्या त्या कपड्यांत बाळाला गुंडाळलं जातं. काही बाळांच्या रक्तात ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. हे विकर तांबड्या पेशींना सांभाळतं. ते कमी असलेल्या बाळाच्या अंगात नॅफ्थलीन श्वासातून किंवा त्वचेतून गेलं, की तांबड्या पेशी भराभर फुटतात. बाळ पिवळं पडतं, लघवी चहासारखी गडद होते, बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही. कावीळ फार चढली तर मेंदूला आणि ऐकण्याला कायमची इजा होऊ शकते. अंगाला तेल चोळलेलं असेल तर नॅफ्थलीन जास्त शोषलं जातं, आणि आपल्याकडे तान्ह्या बाळाला तेल लावल्याशिवाय दिवस जात नाही.

हा दोष आईकडून येतो आणि मुलग्यांत जास्त दिसतो. भारतात पारशी समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे, पण तो कुठल्याही घरात असू शकतो. एका रक्ततपासणीत कळतो. तो माहीत नसेल तोवर साधा नियम पाळावा: बाळाचं कापड डांबरगोळ्यांच्या ट्रंकेत ठेवूच नये. ठेवलेलं असलं तर एकदा झटकून ऊन दाखवणं पुरेसं नाही. धुऊन, दोन-चार दिवस कडक उन्हात टाकून वास पूर्ण गेल्याशिवाय ते वापरू नये. वास जातच नसेल तर ते कापड बाळाचं नव्हे. आणि काविळीसाठी डॉक्टरांकडे गेल्यावर, ‘कपडे गोळ्यांतले होते’ हे आपणहून सांगावं. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

गोळी आणि कापूर दिसायला सारखे, त्यामुळे गोंधळही होतो. ओळखायची सोपी रीत आहे. साध्या पाण्यात कापूर तरंगतो, डांबरगोळी बुडते. भरपूर मीठ विरघळवलेल्या पाण्यात नॅफ्थलीनची गोळी वर येते आणि तरीही बुडालेलीच राहिली तर ती पॅराडायक्लोरोबेंझीनची. मुतारीत टाकतात त्या रंगीत वड्या बहुधा याच जातीच्या. त्याही बिनधोक नाहीत. कपाटासाठी वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंड हे जुने उपाय आहेत. ते गोळीइतके जोरकस नाहीत, पण कपडे पूर्ण वाळवून ठेवले आणि अधूनमधून ऊन दाखवलं तर बहुतेक घरांत तेवढ्यावर भागतं.

दुधाळ फिनेल आणि बंद न्हाणीतला वायू

फिनेल पाण्यात टाकलं की पाणी दुधासारखं होतं आणि जितकं दुधाळ तितकं ‘कडक’ असा समज आहे. तेलकट द्रव्याचे बारीक थेंब साबणासारख्या पदार्थामुळे पाण्यात पसरतात, त्यानं तो पांढरेपणा येतो. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासूनची द्रव्यं, पांढऱ्यात पाइन तेल. जंतू किती मरतात ते पांढरेपणावर ठरत नाही. वासावरही ठरत नाही. शिवाय नाक सरावतं: घरातल्या माणसांना आपल्या घरचा वास पंधरा-वीस मिनिटांत जाणवेनासा होतो, मग अजून एक झाकण ओतलं जातं.

खरा जीवघेणा प्रकार दोन बाटल्या एकत्र करण्यात आहे. संडास धुण्याच्या बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचं ब्लीच पडलं, की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे लहानशा संडासात खालीच साचतो, आणि घासणारी बाई वाकलेली असते. डोळे झोंबतात, खोकला थांबत नाही, श्वास कोंडतो. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रावणात ब्लीच मिसळलं तरी असाच विषारी वायू तयार होतो. ‘दोन्ही टाकलं तर जास्त स्वच्छ होईल’ हा हिशेब इथे अंगावर येतो. वास येताच काम टाकून बाहेर मोकळ्या हवेत यायचं; पाणी ओतत तिथेच थांबायचं नाही.

आठवडी बाजारात कॅनमधून सुटं फिनेल आणि अ‍ॅसिड मिळतं. ते भरायला लोक कोल्ड्रिंकची रिकामी बाटली नेतात. घरातलं पोर त्या बाटलीला ओळखतं, तिच्यातून गोड प्यायलेलं असतं. यापलीकडे काही सांगायला नको.

देवघराचा धूर

उदबत्ती, धूप, कापूर हा श्रद्धेचा भाग आहे आणि त्याला हात घालायचं कारण नाही. पण धूर हा धूरच. एका बहुचर्चित मोजणीत जळलेल्या उदबत्तीच्या दर ग्रॅममागे सुमारे ४५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण निघाले; सिगारेटच्या बाबतीत ते सुमारे १० होते. सिंगापूरमधल्या ६१ हजारांहून अधिक चिनी लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरात दीर्घकाळ उदबत्ती लावणाऱ्यांमध्ये श्वासमार्गाच्या वरच्या भागातल्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. फुप्फुसांच्या कर्करोगाशी मात्र तसा संबंध दिसला नाही. ही त्यातली दुसरी बाजूही सांगायला हवी.

म्हैसूर आणि पंढरपूर ही उदबत्तीची दोन नावाजलेली गावं. बांबूची काडी, कोळशाची पूड, चिकटपणासाठी झाडाच्या सालीची जिगट पूड, एवढा तिचा सांगाडा. वास नंतर चढतो आणि तो पातळ करायला अनेक कारखान्यांत डायइथाइल थॅलेट वापरतात. धंद्यात त्याला ‘डीईपी’ म्हणतात. दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर एकच काडी, खिडकी उघडी, आणि माणसं झोपायच्या खोलीत नको.

डासांची कॉइल याहून जड. २००३च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावून झोपण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. डास मारणाऱ्या अगरबत्त्यांच्या पाकिटावर कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक नसेल तर त्या घेऊच नयेत.

कापराबद्दल एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात माहीत हवी. एक ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात जाऊन लहान मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. काही मिनिटांतच झटके सुरू होऊ शकतात. कोरोनाच्या काळात ओवा-कापराच्या पोटल्या घरोघरी झाल्या. त्या हुंगल्यानं ऑक्सिजन वाढतो याला काही आधार नव्हता, पण पोटल्या आणि वड्या मुलांच्या हाताशी आल्या. कापराची डबी देवघराच्या खालच्या फळीवर नको.

‘नैसर्गिक’ आणि ‘गोरं करणारं’

नैसर्गिक म्हणजे सौम्य, हा समज खोडायला गाजरगवत पुरेसं आहे. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेल्या या तणानं देशभरातल्या हजारो शेतकऱ्यांची कातडी सोलवटली आहे, आणि ते शंभर टक्के नैसर्गिक आहे. त्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना त्याच कुळातल्या शेवंतीचाही त्रास होतो. चंदन, लवंग, दालचिनी यांच्या तेलांतली द्रव्यंही काहींना सोसत नाहीत. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या मालातही मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो; ज्यांना त्रास आहे त्यांनी ‘फ्रेग्रन्स फ्री’ शोधावं आणि तरी मागची यादी पाहावी.

मात्र ज्यावर यादीच नाही, असा माल सगळ्यात घातक. २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तीन महिलांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं समोर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर बोट गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याकडे वळलं. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातून आलेल्या अभ्यासात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जण एकाच दुर्मीळ प्रकारात मोडले आणि त्या १५तल्या १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचं सांगितलं. भारतीय नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत मिसळलेला पारा दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही. पारा रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून आठवडाभरात चेहरा उजळतो. तोच पारा मूत्रपिंडात साचतो. उत्पादकाचा पत्ता आणि परवान्याचा क्रमांक किंवा आयात मालाचा नोंदणी क्रमांक नसलेली डबी ओळखीच्या पार्लरमधून आली तरी परत करावी.

त्रास झाला तर

आधी एकेक वस्तू बंद करून पाहण्यापेक्षा सगळं सुगंधी दोन-तीन आठवडे बाजूला ठेवावं. त्रास थांबला तर एकेक वस्तू परत आणावी. तेवढ्यानं उलगडलं नाही तर ‘पॅच टेस्ट’ आहे. पाठीवर छोट्या चकत्यांतून वेगवेगळी द्रव्यं चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि तेव्हा व पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा पाहतात. भारतीय रुग्णांसाठी ठरवलेल्या संचात सुगंधी द्रव्यं, पीपीडी, निकेल, गाजरगवत ही सगळी आहेत. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत ही सोय बहुधा असते. आधी विचारून जावं आणि घरातल्या बाटल्या सोबत न्याव्यात. मालाविषयीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कुठल्याही राज्यातून करता येते.

मुलानं फिनेल, अ‍ॅसिड, कापूर किंवा गोळी तोंडात घातली तर ओकारी काढायचा प्रयत्न करू नये, मिठाचं पाणी पाजू नये. अ‍ॅसिड घशातून जाताना एकदा भाजतं, वर येताना दुसऱ्यांदा. फिनेल फुप्फुसात जाऊ शकतं. १०८ची रुग्णवाहिका महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणात त्याच क्रमांकावर येते. दिल्लीच्या एम्समधल्या विषमाहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. आणि ज्या बाटलीतलं पोटात गेलं ती बाटली, झाकणासकट, रुग्णालयात न्यावी. ‘काहीतरी पांढरं होतं’ एवढ्यावर डॉक्टरांना अंदाज बांधावा लागतो. बाटलीवर नाव असेल तर उपचार लगेच सुरू होतात.